नव्या आवाजांच्या यादीतला संबळ

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बातम्या लिहायचे. वर्तमानपत्रातल्या नाहीत, आवाजांच्या. या महिन्यात आमच्याकडे कोणते नवे आवाज आले, कोणते पुन्हा रेकॉर्ड केले, कोणते काढून टाकले, एवढंच. बंगळूरच्या यशवंतपूरला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर दोन खोल्यांचं ते ऑफिस होतं. एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. दुसरीत दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि सीडींची कपाटं. जाहिराती आणि माहितीपट करणारे लोक आमच्याकडून आवाज घ्यायचे: कुकरची शिटी, मालगाडीचे डबे जोडतानाचा दणका, डोशाच्या तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर येतो तो आवाज. एकदा घेतला की कुठेही वापरा, कितीही वेळा वापरा. आधी हे सगळं फक्त सीडीवर जायचं. मी लागले त्या वर्षी सरांनी इंटरनेटवर दुकान मांडलं होतं, आणि त्यातल्या ‘नवीन काय’ या पानासाठी त्यांना इंग्रजी लिहिणारं कोणीतरी हवं होतं.

माझं इंग्रजी चांगलं होतं असं नाही. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शाळा सगळी कन्नड, घरात मराठी, आणि इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं पाठ केलेलं. सरांनी माझा पहिला कागद वाचला आणि लाल पेनाने निम्म्या ओळी खोडल्या.

“नोडम्मा, हे बघ,” ते म्हणाले, “‘हा आवाज कदाचित उपयोगी पडेल.’ भाजीवाला कधी असं म्हणतो का, की हे वांगं कदाचित गोड असेल?”

मला हसू आलं, पण तेही मी अर्धवटच हसले. मला कुठलीच गोष्ट ठामपणे म्हणायला भीती वाटायची. अजूनही वाटते. त्या वर्षी मी एकच गोष्ट ठामपणे लिहिली. तिच्याबद्दलच हे आहे.

माझे वडील, अप्पा, यशवंतपूरच्याच बाजारात गुळाच्या एका दुकानात वजनकाट्यावर होते. पण हे आपलं काम आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. आम्ही गोंधळी. आमचे कोणी पूर्वज कधीतरी या गावात येऊन राहिले आणि इथल्या मराठी घरांचे गोंधळ घालत राहिले. शिंप्यांची घरं, कापडवाल्यांची घरं. लग्न पार पडलं की घरात चौक मांडायचा, कलश ठेवायचा, आणि गोंधळ्याने देवीला आणि गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं. मग आख्यान, शेवटी आरती. बोलावलेल्यांना परत पोहोचवल्याशिवाय उठायचं नाही. अप्पा कमरेला संबळ बांधून उभे राहायचे, आणि मामा, म्हणजे आईचा भाऊ, शेजारी तुणतुणं घेऊन. यजमानाने हातात सुपारी आणि नारळ दिल्याशिवाय काडी चामड्याला लागायची नाही.

मी शाळेत होते तेव्हा लग्नसराईत अप्पा घरी दिसत नसत. मी कॉलेजात गेले त्या वर्षी दोन सुपाऱ्या आल्या. पुढच्या वर्षी एक, तीही मोडली. मुलाकडचे म्हणाले, एवढा वेळ कोण बसणार. त्या घरातली नातवंडं एकमेकांशी कन्नडच बोलत. मामा म्हणायचे, “दाजी, आता देवीला कन्नड शिकवा. नाहीतर ती तरी कुणाकडे जाणार?” अप्पा हसत नसत. संबळ उन्हात ठेवायचे, दोऱ्या ताणून बघायचे आणि परत खुंटीला लावायचे. आपल्याला कोणीतरी बोलवावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला भाऊ नाही. आमच्यात मुली संबळ वाजवत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी मला काय करता येईल याचा मी नेहमी विचार करायचे, आणि काही सुचत नसे.

एके दिवशी सर म्हणाले, तबला, ढोल, मृदंग सगळ्यांकडे आहे, दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी हवं. मी खाली बघत म्हणाले, “संबळ आहे.” आणि लगेच वाटलं, नको होतं म्हणायला.

घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, “कुणाच्या घरचा गोंधळ?”

“कुणाच्याच नाही, अप्पा. नुसता आवाज घ्यायचा आहे.”

“कुणाच्याच घरचा नसेल तर घालायचा कसा?”

मामांना मजा वाटली. “घाला की दाजी! भिंतींना गाद्या आहेत म्हणे. देवीला टेकून बसता येईल.”

आई म्हणाली, “पोरगी तिथं काम करते. नाही कसं म्हणायचं?”

दोन दिवस अप्पांनी संबळ खुंटीवरून काढला आणि परत लावला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, येतो, पण सुरुवातीपासून आरतीपर्यंत सगळं घालणार, मध्ये कोणी थांबवायचं नाही. आणि यजमानाच्या घराचं नाव घ्यायची जिथे जिथे वेळ येईल, तिथे जागा मोकळी सोडणार. “जो ऐकेल त्यानं आपल्या घराचं नाव मनात घ्यावं,” ते म्हणाले. मला ते इतकं योग्य वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी ते पूर्ण पोशाख करून आले. पायघोळ झगा, पगडी, गळ्यात कवड्यांची माळ. तिथे बघायला कोणी नव्हतं, तरी. सरांनी माइक लावून पाहिला आणि म्हणाले, माळेची खटखट येते. अप्पांना कळेना. मी समजावलं, माळ काढावी लागेल. गोंधळ चालू असताना त्यांच्या गळ्यातली माळ उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती उतरवून माझ्या ओंजळीत दिली आणि म्हणाले, “हलू नकोस.” दिवटी पेटवायला सरांनी नाही म्हटलं, गाद्यांना आग लागेल म्हणून. न पेटवलेली दिवटी कोपऱ्यात टेकवून अप्पांनी गोंधळ घातला. तुळजापूर, जेजुरी, माहूर, एकेका ठिकाणाला हाक. नावाच्या जागी संबळ थांबायचा, तुणतुण्याची तार तेवढी वाजत राहायची. मग आख्यान, मग आरती. मी दोन खोल्यांमधल्या काचेच्या अलीकडे बसून होते आणि मला वाटत होतं, आता काहीतरी होईल.

जिना उतरताना अप्पांनी विचारलं, “हे कुठंकुठं ऐकू जाईल?”

“जगभर,” मी म्हणाले.

ते थांबले. “मग कुणी विचारलं तर नंबर दे. दुकानाचा दे. दिवसा मी तिथंच असतो.”

त्या महिन्याच्या बातम्या मी चार वेळा लिहिल्या. प्रत्येक आवाजापुढे तीन रकाने असत: नाव, लांबी, उपयोग. कुकरच्या शिटीपुढे लिहायचं: जाहिरात, स्वयंपाकघर. मालगाडीपुढे: चित्रपट, प्रवास. संबळापुढे सरांनी लांबी घातली होती बारा मिनिटं. ते बाकीचं दुसऱ्या भागात घेणार असतील असं मी धरून चालले. कापून तयार केलेला तुकडा मी ऐकला नाही. ऐकायला हवा होता. उपयोगाच्या रकान्यात मला ‘जाहिरात’ लिहवेना. ज्या गोंधळाला घर नाही, कारण नाही, तो गोंधळच नव्हे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणून मी लिहिलं: घरासाठी, लग्नानंतर. आणि नावापुढे लिहिलं: संपूर्ण. सर घाईत होते. त्यांनी पान वाचलं, मान हलवली आणि पहिल्यांदाच लाल पेन उघडलं नाही. मी त्या दिवशी बसमध्ये उभ्या उभ्या हसत घरी गेले.

त्यानंतर दर सोमवारी मी घरी आले की अप्पा विचारायचे, “काय बातमी?” त्यांना कुकरच्या शिट्या आणि बेडकं ऐकायची नसत. कोणता आवाज कोणी घेतला याची यादी ऑफिसात सोमवारीच निघायची. संबळापुढे बरेच महिने काही नव्हतं. मी तसंच सांगायचे. मग एकदा कोणीतरी घेतला, जर्मनीतून.

“लग्न होतं का?” अप्पांनी विचारलं.

“ते कळत नाही, अप्पा.”

“नाव काय घराचं?”

“तेही येत नाही.”

मामा म्हणाले, “दाजी जर्मनीपर्यंत पोहोचले, आणि इथं गुळाच्या दुकानातला फोन मुका!” अप्पा उठून देवघरापाशी गेले आणि त्या जर्मनीतल्या घरासाठी हात जोडून उभे राहिले. जाहिरात असेल, एवढं तरी सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

आणि मग बंगळूरच्याच हेब्बाळहून मेल आला. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेलं कुटुंब, वडील सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर, मुलाचं नुकतंच लग्न झालेलं. मुलाने आमचं पान वाचून सीडी मागवली होती आणि खाली विचारलं होतं, बंगळूरमध्ये कोणी गोंधळी माहीत आहे का. मी गुळाच्या दुकानाचा नंबर लिहून पाठवला. बटण दाबण्याआधी तो दोनदा ताडून पाहिला. वादक माझे वडीलच आहेत हे मी लिहिलं नाही. ऑफिसच्या मेलवर घरचं लिहिणं मला बरं वाटेना.

फोन आला. रविवारी सकाळी अकरा वाजता. गोंधळ सकाळी कसा, असं आई म्हणाली, पण अप्पांनी तिला गप्प केलं. चार दिवस संबळ उन्हात होता. इस्त्रीवाल्याकडे झगा दोनदा गेला. आख्यान कोणतं सांगायचं यावर मामांशी त्यांचं भांडणही झालं. किती वर्षांनी मी त्यांना भांडताना पाहत होते.

हेब्बाळच्या त्या घरात चौक अगदी रीतीप्रमाणे मांडला होता. पाच उसांचा मांडव, कलश, विड्याची पानं. घरच्या काकूंनी दारातच अप्पांच्या हातात नारळ-सुपारी दिली आणि वाकून नमस्कार केला. “आमच्या सासूबाईंनी निक्षून सांगितलंय हो, गोंधळ झालाच पाहिजे. इथे कुठे मिळणार म्हणून मी किती काळजीत होते!” अप्पांचा चेहरा मी बघत होते. तो तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

ते कमरेला संबळ बांधू लागले तेव्हा मुलगा जवळ आला. “काका, तुम्ही आवाजाचं टेन्शन घेऊ नका हं. रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे, एकदम क्लीन. व्हिडिओवाला म्हणतो, खरा संबळ त्याच्या माइकमध्ये फाटतो. शिवाय खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. तुम्ही फक्त उभं राहून ॲक्शन करा.” मग तो माझ्याकडे वळला. आत शिरतानाच मामांनी सांगितलं होतं, पोरगी त्या आवाजांच्या ऑफिसात असते. “तुम्हीच ना त्या ऑफिसातल्या? तुमच्या साइटवर लिहिलंय बघा, कम्प्लीट, घरासाठी, लग्नानंतर. आम्ही एक्झॅक्टली हेच शोधत होतो.”

मी तोंड उघडलं. अप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “राहू दे.” मग त्या काकूंना त्यांनी विचारलं, “आवाज आहे, तर मला कशाला बोलावलं, ताई?”

काकूंना खरंच आश्चर्य वाटलं. “अहो, असं काय म्हणता! गोंधळ्याशिवाय गोंधळ होतो का?”

मुलाने कॉम्प्युटरचे स्पीकर चौकाकडे फिरवले. संबळ सुरू झाला. मामा कुजबुजले, “दाजी, हे तर तुम्हीच.” अप्पांनी काड्या उचलल्या. चामड्यापासून बोटभर वर त्या फिरत राहिल्या. तुळजापूरला हाक गेली, जेजुरीला, माहूरला. नाव घ्यायची जागा आली असं वाटलं आणि गेलीच. सरांनी ती शांतता म्हणून कापून टाकली होती. हाका संपल्या, आणि श्वासही न घेता आवाज पुन्हा पहिल्या हाकेवर आला. तेवढाच तुकडा तीनदा जोडून सरांनी बारा मिनिटं केली होती. तोच सूर, तेच खाकरणं. आख्यान नव्हतं. आरती नव्हती. अप्पांचे हात दोन क्षण हवेत थांबले आणि मग धावत मागून गेले. व्हिडिओवाल्याला दुसऱ्या बाजूने शूटिंग हवं होतं, म्हणून पुन्हा लावलं. मग जवळून फक्त हात हवे होते, म्हणून आणखी एकदा. नवं जोडपं पाटावर बसून कॅमेऱ्याकडे बघत होतं. शेवटी मुलाने माउसने आवाज बंद केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. काकू आग्रह करकरून वाढत होत्या. मुलगा अप्पांना म्हणाला, “मस्त झालं काका. हात एक-दोन ठिकाणीच मागे पडले.”

बसस्टॉपवर मामांनी इतका वेळ धरलेलं बोलून टाकलं. “नऊ वेळा बोलावलं देवांना, मी मोजलं. एकदा तरी परत पाठवलं का? बसा म्हणावं आता हेब्बाळातच!” ते तुणतुण्याला खोळ घालत होते आणि गाठ सुटत होती. अप्पा म्हणाले, “माणसं चांगली होती.” मी त्यांच्याशेजारी उभी होते. ‘संपूर्ण’ हा शब्द मी लिहिला होता, हे मला त्यांना सांगायचं होतं. त्यांना ते कळलेलंच होतं. तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

सोमवारी मी सरांकडे गेले. मी म्हणाले, ती ओळ चुकीची आहे, तो आवाज काढून टाका, किंवा मूळ रेकॉर्डिंग पूर्ण ठेवा. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

“मूळ टेप आता नाहीये, अम्मा. त्यावर आपण मागच्या महिन्यात तळ्यावरचे पक्षी घेतले. टेप अशाच फिरतात, तुला माहीत आहे.”

पक्ष्यांची बातमी मीच लिहिली होती.

“ओळ बदलायची तर बदल,” ते म्हणाले. “पण ज्यांनी घेतलंय, त्यांनी घेतलंय. आणि खरं सांगू का? तुझी ती ओळ चालली. हेब्बाळच्या त्या मुलाच्या ओळखीतल्या दोघांनी सीडी मागितली आहे.”

मी ‘संपूर्ण’च्या जागी ‘अंश’ लिहिलं. उपयोगाचा रकाना रिकामा ठेवला. पुढच्या बातम्यांमध्ये चूक दुरुस्त केल्याची एक ओळ घातली. ती कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

त्या दोघांकडूनही दुकानात फोन आले. दोन्ही घरांना गोंधळी हवा होता, आवाज त्यांच्याकडे होता. मला वाटलं, अप्पा आता नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी देवघरापाशी उभीसुद्धा राहिले. ते दोन्हीकडे हो म्हणाले. मामांनी यायला नकार दिला. “हवेत तार छेडायला माझी काय गरज? भाड्याने एखादा उंच माणूस घ्या,” असं म्हणून ते बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. आईने अप्पांना विचारलं, “बरं वाटतं का तुम्हाला असं?” अप्पा म्हणाले, “सुपारी हातात दिली त्यांनी.”

एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर दार लोटलेलं होतं आणि आतून संबळ ऐकू येत होता. क्षणभर मला वाटलं, वाजवतायत. आत अप्पा खाटेवर बसले होते. समोर शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर. ती सीडी कोणाकडून तरी कॅसेटवर उतरवून आणली होती. संबळ कमरेला बांधलेला, काड्या चामड्याच्या वर.

“ये,” ते म्हणाले. “स्वल्प बस इथं. शेवटची हाक संपून पुन्हा पहिली येते ना, तिथं माझा हात मागं पडतो. बघ बरं, कुठं चुकतंय.”

मी वही ठेवली आणि बसले. त्यांनी टेप मागे नेली. मी त्यांचे हात बघत राहिले.

“किंचित लवकर उचला, अप्पा,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा लावलं. “आता?”

“आता बरोबर.”